नवशिक्यांनी कॅमेरा बंद ठेवावा

१

पन्नाशीला टेकलेल्या माणसाने भर रस्त्यात उभं राहून मोबाईलमधले राक्षस धरू नयेत, हे बायकोने मला पुष्कळदा सांगून झालं आहे. तिचं म्हणणं, लोक दुकानात डोळे तपासायला येतात आणि तपासणाराच वेड्यासारखा बोट फिरवत बसलेला असतो. तिचं खोटं नाही. माझं चष्म्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की काउंटरखाली फोन धरून खेळतो, आणि दार वाजलं की फोन फ्रेमच्या ट्रेमध्ये सरकवतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

गेम तसा साधा आहे. फोनवर आपल्याच गल्लीचा नकाशा दिसतो, आपण चालू तसा तो सरकतो, आणि मध्येच एखादा राक्षस उगवतो. त्याच्यावर बोट ठेवलं की कॅमेरा सुरू होतो आणि तो राक्षस समोरच्या खऱ्याखुऱ्या फुटपाथवर, कचरापेटीशेजारी उभा दिसतो. मग बोटाने जाळं भिरकवायचं. सापडला तर आपला, नाहीतर पुढे चला.

आमच्या भागात खेळणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. तिथे सगळे मला गुरुजी म्हणतात. घरात कुणी विचारत नाही, तिथे विचारतात, म्हणून मीही फुशारून जातो. नवं कुणी आलं की त्याला शहाणं करायचं काम माझ्याकडे. दिसेल त्याच्यावर जाळी उधळू नका, फुकट मिळतात म्हणून काय झालं, ऐन वेळी संपतात. राक्षसाभोवतीची कडी मोठी असताना घाई करू नका, आवळत आली की फेका. पहिल्यावहिल्या पिल्लांना खाऊ घालत बसू नका, पुढे चांगली मिळतात. आणि मुख्य म्हणजे कॅमेरा बंद ठेवा. कॅमेऱ्यात आपला हात हलला की राक्षसही हलतो आणि नेम चुकतो. कॅमेरा बंद केला की मागे चित्रातलं हिरवं मैदान येतं आणि तो बिचारा मधोमध उभा राहतो. नवशिक्यांनी कॅमेरा बंद ठेवावा, हे वाक्य मी इतक्यांदा लिहिलं आहे की पहिला शब्द टाकला की फोन उरलेलं आपण होऊन सुचवतो.

२

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू ग्रुपमध्ये आल्या त्या माझ्यामुळे.

काकूंनी जन्मभर ड्रायव्हिंग शिकवलं. ह्या भागातल्या निम्म्या लोकांनी क्लच कसा सोडायचा ते त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या शिव्या खात शिकून घेतलं. मीसुद्धा. त्यामुळे मी दुकानदार झालो, बाप झालो, केस पिकले, तरी त्यांच्या लेखी मी चष्म्याच. काका गेल्यापासून त्या एकट्या राहतात. मुलगा दुसऱ्या शहरात मोठ्या हुद्द्यावर आहे. काकूंची गाडी एकदा बिल्डिंगच्या खांबाला घासली, तर त्याने येऊन गाडीची किल्ली काढून नेली होती. तेव्हापासून काकूंना एकच धास्ती.

"गाडी गेली, आता घरावर डोळा आहे त्याचा," त्या मला म्हणाल्या होत्या. "वृद्धाश्रम बघून ठेवलाय. मी एकदा जरी काही वेडंवाकडं बोलले ना चष्म्या, तर मला उचलून तिथे नेऊन ठेवील."

त्या वेडंवाकडं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर त्यांचे डोळे मीच तपासले होते. तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ, जी तरणीताठी पोरं चाचपडत वाचतात, ती त्यांनी घडाघडा वाचली आणि वर छापणाऱ्याचं नाव वाचून दाखवू का म्हणून विचारलं.

डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि नुसतं चालायचा त्यांना कंटाळा. बागेत मी फोनवर बोट मारताना त्यांनी पाहिलं आणि हे काय म्हणून हटकलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्यांनी नावं ठेवली नाहीत, उलट शिकव म्हणाल्या. मग काय, रोज संध्याकाळी काठी टेकत बागेला फेऱ्या. राक्षसांना त्या कार्टी म्हणायच्या. आज पाच कार्टी धरली, एक फार द्वाड निघालं, असं जिन्यात थांबून सांगायच्या. कॅमेरा मात्र त्या चालूच ठेवायच्या. कार्टं आपल्या फुटपाथवर उभं दिसलं नाही तर मजा काय, असं त्यांचं म्हणणं.

३

एकदा दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. घरातच एक कार्टं आलंय आणि धरता येत नाही, म्हणाल्या.

नकाशावर खरंच काहीतरी होतं. जो राक्षस आपण अजून धरलेला नाही त्याची नुसती काळी आकृती दिसते, तशी आकृती होती, पण खाली नाव नव्हतं. मी म्हटलं नवीन आलेला दिसतो. त्यांनी बोट ठेवलं, कॅमेरा सुरू झाला, आणि बैठकीतून आतल्या खोलीत जायचं दार फोनवर दिसायला लागलं.

दारात कुणीतरी पाठमोरं उभं होतं.

मी इतकी वर्षं खेळतोय, पाठमोरा राक्षस कधी पाहिला नाही. ते सगळे आपल्याकडे तोंड करून असतात, नाचतात, दात विचकतात. जाळं तोंडावर फेकायचं असतं, त्यांची पाठ कुणी काढलेलीच नसते. हा नाचत नव्हता. उंची माणसाएवढी. रंग काळा म्हणावा तर काळा नाही, फळा ओल्या फडक्याने पुसल्यावर जे राहतं तसलं काहीतरी. त्याच्याभोवती कडी नव्हती.

मी लगेच गुरुजी झालो. गेम बिघडलाय, चित्र नीट उतरलं नाही, म्हणून अर्धवट दिसतंय, असं सांगितलं. कॅमेरा बंद करून दाखवला. हिरवं मैदान आलं, त्यात कुणी नाही.

"बघा, कुठे आहे?" मी म्हटलं.

"मैदानात नाही रे. माझ्या घरात आहे."

त्यावर मी हसलो. फोनवरून नजर काढून सरळ दाराकडे पाहिलं. दाराला पडदा होता, वर पंखा चालू होता. पडद्याची एक कड वाऱ्याने हलत होती. दुसरी हलत नव्हती, ती मध्येच कशाला तरी अडल्यासारखी थोडी पुढे आली होती. पडद्याची कडी अडकली असेल, असं मी मनाशी म्हटलं, आणि उठून ती सोडवायला काही गेलो नाही.

काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या दाराकडे बघत होत्या. त्यांनी विचारलं, "आत माझा पलंग आहे. तो बघतोय काय तिथे?"

दुकान उघडं टाकून आलोय, असं काहीतरी पुटपुटत मी खाली आलो.

४

घाबरलो होतो हे कबूल करायला काय जात होतं? पण माणूस घाबरला की त्याला दुसऱ्याला हसायची घाई होते. दुकानात जाऊन बसलो आणि ग्रुपवर लिहिलं, आपल्या एका ज्येष्ठ नवशिक्या खेळाडूंच्या घरी राक्षस रुसून पाठ फिरवून उभा आहे, कुणीतरी त्याची समजूत काढा. वर आपलं ठरलेलं वाक्य चिकटवलं, कॅमेरा बंद ठेवावा. नाव घातलं नव्हतं. पण ग्रुपमध्ये ज्येष्ठ म्हणावं असं माणूस एकच होतं.

लोक खूप हसले. कोपऱ्यावरचा औषधवाला म्हणाला, त्याला म्हणावं चहा घेऊन जा. माझी भीती तेवढ्यापुरती गेली. जरा वेळाने काकूंचं एकच वाक्य आलं, बरं गुरुजी, केला बंद. त्यांनी मला गुरुजी म्हटलेलं तेवढंच. फोन ट्रेमध्ये टाकला आणि उगाच फ्रेमा पुसत बसलो.

पुढे काकू बागेत येईनाशा झाल्या. एक दिवस जिन्यात गाठ पडली. डोळ्यांखाली काळं आलं होतं. मी तब्येतीचं विचारलं तर त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि मलाच बोल लावला, पण आवाज न चढवता. आधी निदान कुठे आहे ते कळायचं, म्हणाल्या. दारात होता, मग कपाटाशी आला, मग खुर्चीमागे. जवळ येत होता पण दिसत होता. तू सांगितलंस म्हणून बंद केला, आता नुसतं कळतंय की आहे. परत सुरू करून बघायचा धीर होत नाही.

"आरसे काढून गाडी चालवायला लावलीस तू मला," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी वर येतो, दोघं मिळून बघू, असं मी म्हटलं. संध्याकाळी गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

५

काकूंचा मुलगा आला तो त्या औषधवाल्यामुळे. दोघं एका वर्गातले. मी ग्रुपवर केलेली थट्टा त्याने मुलाला जशीच्या तशी पाठवली, काळजीपोटी म्हणे.

मला बोलावणं आलं. वर गेलो तर मुलगा पलंगाच्या कडेला बसला होता, काकू खिडकीजवळच्या खुर्चीत. मुलगा वाईट नाही. थकलेला होता, आवाज मऊ होता, मला उठून खुर्ची दिली. आई रात्रीची दिवे लावून बसते, जेवत नाही, घरात कुणी आहे म्हणते, असं त्याने सांगितलं. गेममुळे झालं असेल का, हे त्याला माझ्याकडून हवं होतं.

"मला कशाला, ह्याला विचार," काकू म्हणाल्या. "चष्म्याने बघितलंय. तो माझ्यासारखा म्हातारा नाही ना?"

त्यांनी फोन माझ्या हातात दिला. माझ्याकडे त्या अशा बघत होत्या की जणू वकीलच आला. त्यांचं घर त्या क्षणी माझ्या जिभेवर होतं, आणि हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी कॅमेरा सुरू केला.

खोली दिसली. कपाट दिसलं, मुलाचे गुडघे दिसले. फोन खिडकीकडे वळवला. काकूंची खुर्ची, खुर्चीत काकू, आणि खुर्चीच्या पाठीला जवळजवळ चिकटून तो. अजून पाठमोरा. खिडकीचा उजेड त्याच्यातून येत नव्हता. मी फोनवरून नजर काढली, तर काकूंच्या खांद्यावरची शाल एका बाजूने दबलेली होती. परत फोनकडे पाहिलं. त्याचा खांदा हलला. मग मान. सावकाश, घाई नसल्यासारखा, तो वळायला लागला, आणि गाल दिसणार एवढ्यात माझं बोट आपोआप गेलं आणि मी कॅमेरा बंद केला.

हिरवं मैदान आलं. तेच मी मुलापुढे धरलं.

"काही नाही," मी म्हटलं. "बघा ना, मोकळंच आहे."

त्याने पाहिलं आणि सुस्कारा सोडला. मग विचारलं, "ऑपरेशननंतर डोळ्यांना असं होतं का हो? नसलेलं दिसतं का? तुम्ही जाणकार आहात."

ती खालची ओळ मला आठवत होती. एकही अक्षर चुकलं नव्हतं. मी म्हटलं, "होऊ शकतं. ह्या वयात."

का म्हटलं? तो सुटाबुटातला माणूस मला वेडा समजेल म्हणून. चष्मेवाला पण बिघडला, असं खाली माझ्या बायकोला सांगेल म्हणून. एवढ्याच साठी. आणि तो चेहरा मला बघायचा नव्हता.

काकूंनी माझ्या हाताकडे पाहिलं. कॅमेरा बंद केलेलं बोट अजून त्या बटणावरच होतं. त्यांना कळलं, सगळं कळलं. आता त्या मला उघडं पाडणार असं मला वाटलं. त्यांनी शाल सारखी केली आणि मुलाला म्हणाल्या, "बरोबर आहे त्याचं. मीच चुकले. वय झालं रे."

६

काकू वृद्धाश्रमात गेल्या त्या दिवशी मी दुकान लवकर उघडलं. सामान उतरवायला हात लावावा, निदान खाली उभं राहावं, एवढी माणुसकी नको? बायको उभी राहिली होती. काकूंनी तुमची चौकशी केली, असं तिने रात्री सांगितलं. मी अर्धं ताट ठेवून उठलो.

गेम मी काढून टाकला. ग्रुपवर लोकांनी गुरुजी कुठे म्हणून विचारलं, उत्तर दिलं नाही.

माझ्या दुकानात मागे एक अंधारी खोली आहे, तिथे डोळे तपासतो. जागा अपुरी म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या पाठीमागच्या भिंतीवर लावला आहे आणि समोर आरसा. गिऱ्हाईक आरशात बघून वाचतं. एका दुपारी शाळेतल्या बाई आल्या होत्या. मी त्यांच्या नाकावर तपासायची जड फ्रेम चढवली, काच टाकली आणि वाचा म्हटलं. वरच्या ओळी वाचल्या, मग अडल्या. दुसरी काच टाकली. तरी अडल्या.

"दिसतंय हो मला," त्या जरा वैतागून म्हणाल्या. "तुमच्या त्या माणसाला तक्त्यासमोरून बाजूला व्हायला सांगा ना."

दुकानात माझ्याशिवाय माणूस नाही. मी आरशाकडे पाहिलं नाही. तक्त्याकडेही नाही. हातातली काच पुसली, आज वीज कमीजास्त होतेय, उद्या या, असं सांगून त्यांना बाहेर पाठवलं. बाई जाताना म्हणाल्या, किती वेळ उभं करून ठेवलंय बिचाऱ्याला, आणि तेही भिंतीकडे तोंड करून.

७

दुसऱ्या दिवशी फळं घेऊन काकूंना भेटायला गेलो. आठवण आली म्हणून गेलो असं बायकोला सांगितलं. खरं कारण तुम्हाला कळलंच असेल. ज्या बाईला मी एकटीला टाकलं होतं, तिलाच विचारायला चाललो होतो की आता मी काय करू.

वृद्धाश्रम बरा होता. बैठी इमारत, पुढे बाग, बागेतून फाटकापर्यंत बारीक खडीची वाट. काकू खोलीत एकट्या बसल्या होत्या आणि मला बघून त्यांचा चेहरा इतका फुलला की मला तिथेच परत फिरावंसं वाटलं. त्या सुधारल्या होत्या. गालांवर रंग आला होता.

"इथे नाही काही," त्या आपण होऊन म्हणाल्या. "खोली एवढीशी, जेवण पांचट, पण झोप लागते बघ. पडल्या पडल्या झोप. केवढं सुख आहे ते तुला नाही कळायचं."

मी फळं ठेवली. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं आणि रहदारीबद्दल बोललो. काकू ऐकत होत्या. बोलता बोलता त्यांनी उशीखालून फोन काढला. त्यांच्या फोनमध्ये गेम तसाच होता.

"वाळलास की रे. थांब, तुझा फोटो काढते."

त्यांनी फोन माझ्यासमोर धरला. फोटो काढायला लागतो त्याहून जास्त वेळ त्या बघत राहिल्या. ओठांवरचं हसू होतं तसंच राहिलं, बाकीच्या चेहऱ्यावरून ते निघून गेलं. त्यांनी फोन हळूच पालथा ठेवला. कुठे आहे, किती जवळ आहे, मी विचारलं नाही.

"दुकानात पण येतो?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस त्या पलंगावर बसून हमसून रडलो, आणि काकूंनी पाठीवर हात फिरवला, पहिल्यांदा चढावर गाडी बंद पडली होती तेव्हा फिरवला होता तसाच. मग काठी घेतली.

"चल, फाटकापर्यंत येते. तू पुढे चालायचं. मागे वळून बघायचं नाही. मागे मी आहे."

नको म्हणायला हवं होतं. काकू, तुम्ही बसा, एवढे तीन शब्द. मी उठलो आणि पुढे झालो.

खडीवर माझी पावलं वाजत होती. मागून काठी, मग त्यांच्या चपला. आणि त्या दोन आवाजांच्या मध्ये आणखी काही, खडी हलक्याने दबल्यासारखं. मी भराभर चालायला लागलो. मागून काकूंचा आवाज आला. शिकवतानाचा, खालच्या पट्टीतला.

"हळू. हां, असंच. हळू. आता थांब."

मी फाटकाशी थांबलो.

"तू नाही रे," काकू म्हणाल्या. "तू जा."

मी फाटक उघडलं, बाहेर आलो आणि ते लावून घेतलं. रस्ता ओलांडून पलीकडे गेल्यावर गेम पुन्हा फोनवर घेतला आणि कॅमेरा माझ्या सगळ्या बाजूंनी फिरवला. उन्हात उभ्या केलेल्या दोन स्कूटर, भिंत, एक कुत्रं. बाकी कुणी नाही. फाटकाकडे तेवढा फोन वळवला नाही.

परत जाता आलं असतं. रस्ता एवढासा होता. पण त्या वेळी मला काय वाटलं ते सांगतो. हायसं वाटलं. अंगावरून ओझं उतरलं, भूक लागली. घरी येऊन पोटभर जेवलो. बायको म्हणाली, आज बरे दिसता. अंथरुणावर पाठ टेकली आणि पडल्या पडल्या मला झोप लागली.